लोदी उद्यानातील एक बाक
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



दिल्लीच्या लोदी उद्यानात आपण सारेच हिवाळ्यात डबे घेऊन जातो. परंतु ती हिरवळ कोणाच्या अंगणावर उगवली आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तेथे खैरपूर नावाचे गाव होते. गावकऱ्यांना अन्यत्र हलवून १९३६ साली व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने 'लेडी विलिंग्डन पार्क' उघडण्यात आले. एका दगडी प्रवेशद्वारावर ते नाव अद्याप कोरलेले आहे. स्वातंत्र्यानंतर उद्यान लोदींचे झाले. मौज अशी की, तेथील मुहम्मदशहा हा सय्यद घराण्यातला! सिकंदर लोदी (मृत्यू १५१७) मात्र तेथेच विसावला आहे. बडा गुंबदला लागून असलेली मशीद १४९४ सालची. १९६८ साली स्टाइन आणि एक्बो यांनी उद्यानाची नव्याने आखणी केली.

अकबरकालीन अठपुल्याला खांब आठ, कमानी सात. हा हिशेब मला माझ्या वडिलांनी शिकविला.

वडील साताऱ्याहून आमच्या सरकारी क्वार्टरात राहावयास आले, तेव्हा त्यांना हिंदी येत नसे. दिवसभर ते खिडकीशी बसून राहत. एके सकाळी मी त्यांना अठपुल्याजवळच्या बाकावर बसविले आणि 'दुपारी नेतो' असे सांगून कचेरीत गेलो. कामाच्या गर्दीत मला त्यांचा विसर पडला, हे सांगावयास आजही लाज वाटते. तिन्हीसांजेला धावत गेलो, तो ते एका वृद्ध सरदारजींशेजारी बसून पराठा खात होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. वाटेत वडील एवढेच म्हणाले, "लायलपूरचे आहेत. त्यांचंही गाव सुटलं."

पुढे सहा वर्षे, वडील असेपर्यंत, तो बाक त्यांचा होता. मी त्यांना तेथे सोडीत असे; बसलो क्वचितच.

परवा त्याच बाकावर एक म्हातारी बाई मराठीत स्वतःशीच काही पुटपुटत होत्या. मुलाची नुकतीच येथे बदली झालेली. मी म्हटले, "काकू, कुठल्या तुम्ही?" त्यांनी माझा हात धरला, तो पुष्कळ वेळ सोडला नाही.

माझी सूचना अशी की, मंडळाने दर रविवारी सकाळी आपल्या घरोघरच्या वृद्धांना अठपुल्यापाशी एकत्र आणावे. पुढील वर्षी निवृत्तीनंतर मला क्वार्टर सोडावे लागेल. तोवर ने-आण करण्यास माझी गाडी आहे; नावे आज चिटणीसांकडे द्यावीत.