जिवाणूंचा चयापचय आणि प्रतिजैविकांची क्षीण होणारी शक्ती



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रोगजंतूंचा विषय काहीसा अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि, ज्या समाजाने पाणी गाळून व उकळून पिण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्याला अन्नपाण्यातून पसरणाऱ्या रोगांचा विचार परका नाही.

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, तेव्हा जंतुजन्य रोगांचे भय आता संपले, अशीच सर्वसामान्यांची भावना होती. टायफॉईड म्हणजे विषमज्वर. त्यावर १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे रामबाण औषध उपलब्ध होते. परंतु १९७२ साली केरळातील कालिकत येथे या औषधाला दाद न देणाऱ्या टायफॉईडची साथ आली. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आले. त्याचाही प्रभाव ओसरला. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात तर बहुतेक सर्व प्रचलित औषधांना न जुमानणारा टायफॉईड पसरला. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हे कसे घडते? औषध निष्प्रभ करणारी जनुके जिवाणूंमध्ये निर्माण होतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मात्र अलीकडच्या संशोधनाने आणखी एका कारणाकडे लक्ष वेधले आहे. ते म्हणजे जिवाणूचा चयापचय. तो काय खातो, किती शक्ती निर्माण करतो आणि किती वेगाने वाढतो, यावरही औषधाचे यश अवलंबून असते.

गांधीनगरच्या कापडपेठेत मंदी आली की चतुर व्यापारी नवा माल भरत नाही, खर्च आवरतो आणि तेजीची वाट पाहत दिवस काढतो. काही जिवाणू नेमके हेच करतात. पेनिसिलिन हे जिवाणू आपली बाह्यभिंत बांधत असताना घाव घालते. ज्याने बांधकामच थांबवले, त्याचे ते काय करणार? जोसेफ बिगर या संशोधकाने १९४४ साली दाखवून दिले की, पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही मूठभर जंतू जिवंत राहतात, पण त्यांची पुढची पिढी त्याच औषधाने पूर्वीइतकीच सहज मरते. म्हणजे त्यांच्यात नवी ताकद आलेली नसते. ते केवळ निद्रिस्त असतात. टायफॉईडच्या कुळातील साल्मोनेला जंतू तर शरीराच्या रक्षक पेशींच्या पोटातच असे दडी मारून बसू शकतात. औषध संपले की ते जागे होतात. पुनःपुन्हा उलटणाऱ्या आजाराचे हे एक कारण आहे. शिवाय या वाचलेल्या जंतूंतूनच पुढे खरे प्रतिकारक्षम जंतू निपजण्याची संधी वाढते.

जेंटामायसिनसारख्या औषधांना जिवाणूच्या आत शिरण्यासाठी त्या जिवाणूचीच ऊर्जा लागते. तो निजलेला असेल तर दार उघडत नाही. २०११ साली अमेरिकेत जेम्स कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निद्रिस्त जंतूंना विशिष्ट शर्करा पुरवली. शर्करेने ते जागे झाले, औषध आत शिरले आणि जंतू मेले. हा प्रयोग प्रयोगशाळेतील व उंदरांवरील आहे. यावरून गोळीसोबत कोल्हापुरी गुळाचा खडा खावा, असा अर्थ कोणीही काढू नये.

पटकीच्या जंतूची कथा आणखी बोधप्रद आहे. पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी जीवांवर हा जंतू वसतो. त्यांच्या कवचातील कायटिन हे त्याचे अन्न. ते मिळाले की त्याच्यात भोवतालची परकी जनुके उचलण्याची क्षमता जागृत होते, असे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना २००५ साली आढळले. म्हणजे जेवणाच्या पंगतीतच त्याला नवी शस्त्रे लाभू शकतात.

येथे आपल्या गाळण्याचे महत्त्व ध्यानी यावे. एकटा जंतू कापडाच्या छिद्रातून सहज पार होतो. पण तो ज्या जीवावर बसलेला असतो, तो जीव अडतो. बांगलादेशात डॉ. रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याची पद्धत गावोगाव रुजवली. तेथे पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे, नव्या साडीपेक्षा वापरून मऊ झालेली साडी अधिक उपयुक्त ठरली, कारण तिचे धागे पसरून छिद्रे बारीक होतात. तरीही गाळण्याने काम अर्धेच होते. उकळण्याने ते पूर्ण होते. उकळलेल्या पाण्यात निद्रिस्त आणि जागृत असा भेद उरत नाही, आणि प्रतिकारक्षम जंतूही मरतो.

आपला जिल्हा दुधाचा आहे. कासदाह झालेल्या गाई-म्हशीला प्रतिजैविक टोचल्यावर ठरावीक दिवस तिचे दूध संकलन केंद्रात घालू नये, असा नियम आहे. दूध उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश पूर्णपणे नाहीसा होतोच असे नाही. असा अल्प अंश चिवट जंतूंना वाव देतो. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन हे राखीव औषध देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, तीही याच चिंतेतून.

इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे आलेली काविळीची साथ अनेकांना स्मरत असेल. ती कावीळ विषाणूची होती. विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग नसतो. तरीही ताप आला, पोट बिघडले की औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची सवय सुटत नाही. वस्तुतः २०१४ पासून अनेक प्रतिजैविके चिठ्ठीविना विकण्यावर अधिक कडक निर्बंध आहेत.

उलट, प्रतिबंध किती साधा असू शकतो, हे नवी मुंबई महापालिकेने दाखवून दिले. २०१८ साली तेथे एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची नवी लस टोचण्यात आली. आजारच झाला नाही तर औषध खर्ची पडत नाही.

सारांश, प्रतिजैविक ही सर्वांची सामाईक ठेव आहे. एका घरात झालेली उधळपट्टी दुसऱ्या घरातील बालकाच्या जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याविना गोळी घेऊ नये, सांगितलेला क्रम स्वतःच्या मनाने तोडू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊ नयेत. सामुदायिक भोजनात हातांची स्वच्छता, उकळलेले पाणी आणि ताजे अन्न यांत तडजोड करू नये. अपरिग्रहाचे व्रत धनापुरतेच नाही. गरजेपेक्षा अधिक औषध न घेणे हेही त्याचेच एक रूप आहे.

जय जिनेंद्र!