मदतीचे दार आणि आपले कर्तव्य

(चोरखमारा, जि. गोंदिया येथील उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी आपणाशी बोलणार आहे, तो विषय आपल्या सभांतून सहसा निघत नाही. शिक्षणाविषयी, नोकऱ्यांविषयी, जमिनीविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या भगिनीवर रात्री मारहाणीचा किंवा बलात्काराचा प्रसंग ओढवला, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावे, कोणाबरोबर जावे आणि तेथे गेल्यावर तिला काय मिळावे, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

असले प्रकार आपल्यात घडत नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यांनी आकडे पाहावेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. याच सर्वेक्षणात देशभरातील मार खाल्लेल्या वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली, आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही, असे आढळले. शंभरांतील सत्त्याहत्तर स्त्रिया तोंड मिटून बसल्या आहेत. त्यांत आपल्या आया, बहिणी, सुना नाहीत, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे सांगितले. लग्न झालेल्या मुलीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असाही उपदेश त्यांनी केला. घरात स्त्रीवर हात उगारणाऱ्या पुरुषाने जयभीम म्हणताना हा उपदेश आठवावा.

आता आपल्याच भागातील दोन घटना ध्यानात घ्या. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देसाईगंज, म्हणजे वडसा, हे गाव आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणलेले होते आणि तिचे नातेवाईक बाहेर वाट पाहत होते. नागपूरच्या उच्च न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली. परंतु अंगावर जखमा नाहीत, तिने ओरडा केला नाही, अशी कारणे देऊन सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडित स्त्रीचे नाव छापणे हा गुन्हा ठरला तो तेव्हापासून. म्हणून त्या मुलीचे नाव मी येथे घेत नाही.

दुसरी घटना खैरलांजीची. १९९९ साली गोंदिया जिल्हा ज्या भंडारा जिल्ह्यातून निघाला, त्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची हत्या झाली. त्या मायलेकींनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. साक्ष देणाऱ्या स्त्रीला ज्या घडीला संरक्षण हवे होते, त्या घडीला ते तिच्या दारी पोचले नाही. पुढे खटला चालून शिक्षा झाल्या. पण गेलेले जीव परत आले नाहीत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात नंतर दुरुस्ती होऊन, २६ जानेवारी २०१६ पासून पीडित व साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च व प्रकरणाची माहिती मिळण्याचा हक्क त्यात स्पष्टपणे लिहिला गेला.

या दोन घटनांवरून काय शिकावयाचे? कायदा लढून मिळतो; परंतु तो स्त्रीच्या दारी आपण होऊन चालत येत नाही. कायद्याचे दार तिरोड्याला आणि गोंदियाला आहे. आपले चोरखमारा नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला, तलावाच्या काठी वसले आहे. या दोहोंमधील वाट जंगलाची आहे, अंधाराची आहे, मजुरी बुडण्याची आहे आणि लोकलज्जेची आहे. रोवणीच्या दिवसांत एक दिवस बुडाला तर मजुरी गेली. तेंदूपानाच्या हंगामात तीच गत. अशा स्थितीत अंगावर वळ घेऊन, कडेवर मूल घेऊन एकट्या बाईने तालुक्याला जावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे तिने जाऊच नये असे सांगण्यासारखे आहे.

सबब, त्या दारापलीकडे काय आहे, ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

पहिली गोष्ट, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा. हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि कमाई हिसकावून घेणे हीसुद्धा या कायद्याने हिंसाच आहे. महिला व बालविकास विभागाच्या व्यवस्थेत संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते स्त्रीचा अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवितात. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत लागावी आणि अर्जाचा निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा सांगतो. घर तिच्या नावावर नसले तरी तेथे राहण्याचा तिला हक्क आहे. ती माहेरी आली असेल तर माहेरच्या ठिकाणीही अर्ज करता येतो. आणि ही गोष्ट शेजाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी: हिंसा होत असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

दुसरी गोष्ट, औषधोपचार. बलात्कार वा अॅसिडहल्ला झालेल्या स्त्रीवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ व फुकट उपचार केले पाहिजेत. नकार देणे हा गुन्हा आहे. आधी पोलिसांचा कागद आणा, असे कोणी म्हणू शकत नाही. अशा प्रसंगी स्त्रीने अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कपडे कोरड्या कागदात गुंडाळून बरोबर न्यावेत. गर्भधारणा व रोग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत घ्यावी लागतात, म्हणून प्रत्येक तास मोलाचा आहे.

तिसरी गोष्ट, पोलीस. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. लैंगिक गुन्ह्यातील स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यावयाची असते. चौकशीसाठी स्त्रीला तिच्या घराबाहेर इतरत्र येण्यास भाग पाडता येत नाही. देसाईगंजच्या त्या रात्रीचे स्मरण ठेवून हा नियम प्रत्येक मुलीला शिकवा.

चौथी गोष्ट, आसरा व सल्ला. २०१५ साली केंद्र सरकारने 'सखी' केंद्रांची योजना सुरू केली. जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छपराखाली उपचार, पोलिसांची मदत, समुपदेशन, वकील आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय मिळावी, असा तिचा हेतू आहे. १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालतो. स्त्री असेल तर उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. बलात्कार व अॅसिडहल्ला यांतील पीडितांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१३ साली 'मनोधैर्य' योजना काढली. त्यातील अर्थसाहाय्यही विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते.

नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक शंका असते. धर्म बदलला म्हणून हे हक्क गेले काय? मुळीच नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचे संरक्षण कायम राहिले आहे. सवर्णाने केलेल्या अत्याचारास अत्याचार प्रतिबंधक कायदा तुमच्या बाबतीतही लागतो. बौद्ध पद्धतीने लागलेले लग्नही कायद्याने लग्नच आहे. मात्र त्याची नोंद ग्रामपंचायतीत करून दाखला जपून ठेवा. उद्या पोटगी मागताना हाच कागद मुलीच्या कामी येतो.

बंधूंनो, आता तुमच्याशी दोन शब्द. अत्याचार करणारा दुसऱ्या जातीचा असला म्हणजे आपण मोर्चा काढतो. आणि तोच आपल्या वस्तीतला निघाला म्हणजे घरची गोष्ट घरात राहू द्या, समाजाची बदनामी होईल, असे म्हणून चार माणसे बसवून समझोता करतो. ही कोणती नीती? मार खाणाऱ्या स्त्रीचे हाड कोणत्या जातीच्या हाताने मोडले, यावरून तिची वेदना कमी होत नाही. बदनामी गुन्ह्याने होते. गुन्हा उघडकीस आणणाऱ्या बाईने होत नाही. पंचशीलाने आपण हिंसेपासून, व्यभिचारापासून आणि मद्यपानापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. विहारात ती म्हणावयाची आणि दारू पिऊन घरी ती मोडावयाची, असे चालणार नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात पंचांनी दंड घेऊन प्रकरण मिटविणे हे न्यायदान नव्हे; त्या पैशाने मुलीचा न्याय विकला जातो.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. त्या शासनाकडे नाहीत, आपल्याकडे आहेत.

संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, पोलीस ठाणे, १८१ व ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून एक फलक विहारात आणि एक ग्रामपंचायतीत लावा. अक्षर न वाचणाऱ्या बायांना महिन्यातून एकदा तो वाचून दाखवा. गावातील दोन-तीन धीट व तोंडाची पक्की माणसे, त्यांत निदान दोन स्त्रिया, या कामासाठी निवडा. हाक आली की त्यांनी रात्री असो की दिवसा, त्या बाईसोबत तिरोड्याला, लागल्यास गोंदियाला जावे, आणि तिचे नाव गावभर करू नये. भाड्यासाठी व बुडालेल्या मजुरीसाठी प्रत्येक घराने दरमहा थोडीशी वर्गणी काढावी. बाई गेल्यावर तिची लेकरे आणि तिची गुरे कोणी सांभाळावी, हे आधीच ठरवून ठेवा. आधारकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती प्रत्येक बाईने माहेरी किंवा विश्वासाच्या घरी ठेवाव्यात. आणि तिला पहिला प्रश्न विचारावयाचा तो 'तुला लागले आहे काय?' हा. 'तू काय केलेस?' हा प्रश्न कोणीही विचारू नये.

यात कोणत्या गोष्टीला फार पैसा लागतो? कोणत्या गोष्टीसाठी मंत्र्याची सही लागते? लागते ती सोबत. कायद्याने दार बांधून ठेवले आहे. तेथवर हात धरून नेणारा माणूस मात्र गावातूनच निघावा लागतो.

मायबहिणींनो, ज्या भगिनीवर प्रसंग ओढवला तिच्याकडे कलंकित म्हणून पाहू नका. कलंक करणाऱ्याचा असतो. आज रात्री तुमच्या शेजारच्या घरातून किंचाळी ऐकू आली, तर दिवा मालवून झोपू नका; दिवा लावा, दार उघडा, चार जणी मिळून त्या दाराशी जा. तुमच्या पावलांचा आवाज ऐकून पुष्कळ हात खाली येतील. आणि जो खाली येणार नाही, त्याच्यासाठी ११२ आहे, तिरोड्याचे न्यायालय आहे आणि तुमची साक्ष आहे.

जयभीम.