चाकांची सरळ चाल

कोल्हापूरहून गगनबावड्यास जाऊन करूळचा घाट उतरणाऱ्या स्पोर्ट्‌स कारची खरी मदार चाकांच्या दिशेवर असते. टायरची एकच कड झिजूं लागली, अथवा सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढूं लागली, कीं मालकानें ‘व्हील अलाइनमेंट’ तपासून घ्यावें. शिवाजी उद्यमनगरांत कुशल कारागिरांची वाण नाहीं. परंतु त्यांची पारख कशी करावी? जो प्रथम हवेचा दाब व सांध्यांची झीज पाहतो, चारही चाकें मोजतो, निर्मात्यानें त्या गाडीस ठरविलेलींच मापें राखतो आणि आधींचे व नंतरचे आंकडे लेखी देतो, त्याच्याकडे जावें. कारण हा फरक कलांत, म्हणजे अंशाच्या ६० व्या भागांत, मोजावा लागतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं. सांधा सैल ठेवून साधलेलें माप पहिल्याच खड्ड्यांत बिघडतें, आणि पावसांतल्या वळणावर चार पैशांची काटकसर प्राणांवर बेतते.