एमसीबी पडतोय? आधी विचारा, ‘कधी पडतोय?’

आजचा भाग सगळ्या रूमवाल्यांसाठी. रुई, सूर्यनगरी, तांदुळवाडी, कटफळ... बारामती एमआयडीसीच्या आसपास एका खोलीत तिघं-चौघं राहणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

संध्याकाळी शिफ्टवरून यायचं, एकाने इंडक्शनवर भात टाकायचा, दुसऱ्याने बादलीत रॉड सोडायचा, तिसऱ्याने शर्टाला इस्त्री. आणि खट्! अंधार. मग कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावतो, बोर्डातला खटका वर करतो. परत खट्. आणि मग ते वाक्य येतं, ‘अरे डायरेक्ट करून टाक ना भावा!’

मी ते एकदा केलंय. आयटीआय इलेक्ट्रिशियन असून केलंय. तीच गोष्ट आज सांगणार आहे. पण आधी पडणारा खटका कोणता, ते ओळखायला शिकू.

बोर्डात दोन प्रकारचे खटके असतात. बारीक, एकेका लाईनचे, ज्यांवर ६, १६ असे आकडे असतात, ते एमसीबी. आणि थोडा रुंद, ज्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी. बरेच वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात. दोघांची कामं वेगळी आहेत.

एमसीबी वायरीला वाचवतो. त्याच्या आत एक धातूची पट्टी असते. जास्त करंट वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. शिवाय एक कॉइल असते, ती शॉर्ट सर्किट झालं की क्षणात पाडते. म्हणून ‘कधी पडला’ हे महत्त्वाचं. वर करताक्षणी पडला तर शॉर्टचा संशय. दहा-वीस मिनिटांनी पडला तर लोड जास्त.

लोडचा हिशोब सोपा आहे. वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचं इंडक्शन म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. १५०० वॅटचा रॉड, साडेसहा. १००० वॅटची इस्त्री, साडेचारच्या आत. बेरीज साडेएकोणीस. खटका १६ चा. तो लगेच पडेलच असं नाही, पट्टी तापायला वेळ लागतो. पण पडला तर चूक त्याची नाही, आपली आहे. भात होऊ द्या, मग रॉड लावा.

इथे लोक काय करतात? १६ चा काढून ३२ चा बसवतात. खटका पडायचा थांबतो, सगळे खूश. पण वायर तीच, बारीक. आता जी गोष्ट खटक्याने सोसायची ती वायर सोसते, आणि वायर असते भिंतीत. आमच्या इंदापूरच्या रानात मी हे लहानपणी पाहिलंय. मोटरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घातली. फ्यूज उडायचा थांबला, आणि त्या उन्हाळ्यात मोटर जळाली. वडील म्हणाले, ‘दोन रुपयांची तार वाचवली अन् मोटर घालवली.’

आता आरसीसीबी. हा माणसाला वाचवतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघत बसतो. कमी आला, म्हणजे कुठेतरी गळतोय. भिंतीतून, पाण्यातून, किंवा कोणाच्या तरी अंगातून. घरातला आरसीसीबी बहुतेक ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत तो लाईन तोडतो. १६ च्या एमसीबीला पडायला याच्या पाचशेपटीहून जास्त करंट लागतो. म्हणजे नुसता एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवू शकत नाही.

तर माझी गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. आम्ही तिघं खाली, घरमालक काका-काकू वर, बोर्ड एकच. संध्याकाळ झाली की आरसीसीबी पडायचा. सकाळी वर केला की दिवसभर ठीक. रूममेटची नाईट असायची, त्याला दिवसा झोप नाही, संध्याकाळी जेवण बनवायला लाईट नाही. काका म्हणाले, ‘तू आयटीआयवाला ना, बघ की.’ मी रॉड बघितला, फ्रिज बघितला, काही सापडेना. तिसऱ्या दिवशी थकून आलो होतो. ‘आरसीसीबीच खराब झालाय’ असं सांगितलं आणि तो बाजूला ठेवून लाईन डायरेक्ट केली. रात्रभर लाईट टिकली. काकूंनी वरून पोहे पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून ओरडण्याचा आवाज आला. धावत गेलो तर काकू जमिनीवर बसलेल्या, हात छातीशी धरलेला. पत्र्याच्या शेडखाली कपडे वाळत घालायची तार होती, तिला हात लागला होता. पायात रबरी चप्पल होती आणि बोटं तारेवर मिटली नव्हती, नुसती लागली होती. म्हणून वाचल्या. काकांनी मेन बंद केला. मी नुसता उभा.

झालं काय होतं? गच्चीच्या बल्बची वायर त्याच तारेवरून नेली होती. वाऱ्याने घासून तिचं आवरण फाटलं होतं. पाऊस पडला की भिंत ओली, तारेतून भिंतीत करंट गळायचा. बल्ब लागायचा संध्याकाळी, म्हणून आरसीसीबी पडायचा संध्याकाळी. तो तीन दिवस बरोबर तेच सांगत होता. मी त्याला खराब ठरवून गप्प केलं.

मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. कधी? ‘पावसात, आणि संध्याकाळी.’ उत्तर तिथेच होतं. संध्याकाळी काय चालू होतं, आणि पावसात काय भिजतं?

म्हणून आता मी सगळ्यांना हेच सांगतो. खटका पडला की मोबाईल काढा. बोर्डाचा फोटो घ्या, कोणता पडलाय तो दिसू दे. नोट्समध्ये लिहा: किती वाजता, काय चालू होतं, पाऊस होता का. तीन-चार नोंदी झाल्या की चोर दिसायला लागतो.

मग शोध. हात कोरडे, पायात चप्पल. सगळे प्लग काढा. हो, काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तिथूनही गळती होऊ शकते. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर. मग एकेक एमसीबी वर करा. ज्याला पडला, ती लाईन. कोणालाच पडला नाही, तर बल्ब-पंख्याची बटणं एकेक चालू करा, मग एकेक प्लग लावा. ज्याला पडला, ती वस्तू बाहेर. प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिथे आपण थांबायचं. बोर्ड उघडायचा नाही, लायसन्सवाला वायरमन बोलवायचा. आणि मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांब किंवा सर्व्हिस वायरला काही दिसलं, तर महावितरणला १९१२ वर फोन.

महिन्यातून एकदा ते ‘टी’ बटण दाबा. खटका पडला तर तो जागा आहे. नाही पडला तर बदला. मात्र या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्या. आणि कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद, मग १०८.

मालक म्हणेल, ‘खर्च कशाला?’ तेव्हा त्या नोंदी दाखवा. भांडू नका, पण डायरेक्टला हो म्हणू नका. रूम आपली नसली तरी तारेला लागणारा हात कोणाचाही असू शकतो.

काकूंच्या घरी त्याच दिवशी आरसीसीबी परत बसवला. तो आजही तोच आहे. खराब कधी नव्हताच. काकू आता कपडे नायलॉनच्या दोरीवर वाळत घालतात.

एवढं ऐकलंत, आता उठा आणि आपल्या बोर्डात ‘टी’ बटण आहे का ते बघा. नसेल तर आज रात्रीच मालकाशी बोला. भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा.