झेंड्याची काठी ही लाठी नव्हे!

नागपूरकर बंधुभगिनींनो,

सीमाभागासाठी मोर्चा काढला की आम्हांला विचारतात, "तुम्हांला देश मोठा की तुमची मागणी?" ह्याचे उत्तर नागपूरने १९२३ सालीच देऊन ठेवले आहे!

चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये पाऊल टाकायचे नाही, असा गोऱ्या सरकारचा हुकूम होता. १ मे १९२३ पासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही रोज तुकड्यातुकड्यांनी निघू लागले. अडवले तर मागे फिरायचे नाही, हात उगारायचा नाही, मुकाट अटक करून घ्यायची! बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल पुढे झाले. हजारावर माणसे गजाआड गेली. अखेर १८ ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून मिरवत गेला.

झेंड्याचा मान राखला कोणी? निःशस्त्र मोर्चेवाल्यांनीच ना?

झेंडा जाळणाऱ्या-तुडवणाऱ्याला १९७१ चा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. पण सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून सरकारवर केलेली टीका हा गुन्हा नव्हे, असेही तोच कायदा सांगतो. मग प्रश्न विचारणारा देशद्रोही कसा?

त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आज विधानभवन उभे आहे. बेळगाव-कारवारसाठी आपण तिकडे निघू तेव्हा घोषणा खणखणीत द्या. पण झेंडा जमिनीला लागू देऊ नका, त्याची काठी कुणावर उगारू नका. कानडी माणसाला शिवी नको. तो आपला वैरी नाही. त्याचाही झेंडा हाच आहे!

जय महाराष्ट्र! जय हिंद!