खारकेचा हिशोब



ओटी भरताना आपण खारीक घालतो. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारीक कुटून घालतो. पण ती कशी होते, कोण पिकवतो, हे कधी विचारलं आहे का? आज तोच हिशोब करू.

खजूर आणि खारीक एकाच झाडाची. झाडावर पिकून मऊ झाला तो खजूर. अर्धकच्चं फळ उकळून वाळवलं की झाली खारीक.

पाकिस्तानात, सिंध प्रांतात, खैरपूर जिल्हा आहे. तिथे खजुराच्या मोठमोठ्या बागा आहेत. फळ पिकू लागतं आणि नेमका पाऊस येतो. पावसात पिकलं फळ आंबतं. म्हणून तिथले लोक फळ पिवळं असतानाच उतरवतात, कढईत उकळतात आणि चटयांवर उन्हात वाळवतात. अशी खारीक पुष्कळ दिवस टिकते. ती लांबवर पाठवता येते.

या खारकेचं मोठं गिऱ्हाईक होतं आपला भारत. वर्षानुवर्षं माल इकडे येई. मग २०१९ साल आलं. फेब्रुवारीत पुलवामाचा हल्ला झाला. भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली. म्हणजे पाहा, १०० रुपयांच्या मालावर २०० रुपये जकात. माल पडला ३०० रुपयांना! ऑगस्टमध्ये पाकिस्ताननेही व्यापार थांबवला. २०२५ च्या मे महिन्यात भारताने थेट येणाऱ्या आणि आडवाटेने येणाऱ्या, दोन्ही मालांवर बंदी घातली.

आता बागवाल्याने काय करावं? ज्वारी परवडली नाही तर पुढच्या साली दुसरं पीक घेता येतं. खजुराचं तसं नाही. रोप लावल्यावर चार-पाच वर्षांनी फळ धरतं. मग झाड कित्येक वर्षं उभं राहतं. दर साली नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधावा लागतो. त्याची मजुरी, जळण, चटया, हा खर्च चुकत नाही. बाजार बंद झाला, तरी झाड फळायचं थांबत नाही.

उलट ट्युनिशिया देश पाहा. तिथला ‘देगलेत नूर’ जातीचा खजूर निवडून, डब्यांत भरून अनेक देशांना जातो. एक दार लागलं, तरी दुसरं उघडं असतं.

नुसता माल चांगला असून भागत नाही. गिऱ्हाइकं चार हवीत. आपल्याकडच्या कांदेवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या गावचं मुख्य पीक कोणतं? ते किती ठिकाणी विकलं जातं? आज घरी गेल्यावर मोजून पाहा.