महापौराची रेल्वे, शेतकऱ्याची जमीन



अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या मध्यभागी किलबर्न ॲव्हेन्यू आहे. ज्याच्या नावाने हा रस्ता आहे तो बायरन किलबर्न मूळचा सर्व्हेअर. १८४८ आणि १८५४ साली तो या शहराचा महापौर झाला. त्याचे गणित साधे होते: विस्कॉन्सिनचा गहू रेल्वेने मिलवॉकी बंदरात आणला, तर तो शिकागोकडे वळणार नाही. मिलवॉकी ते मिसिसिपी नदी या रेल्वेचा तोच पहिला अध्यक्ष.

प्रश्न होता पैशांचा. शेतकऱ्यांकडे रोकड नव्हती, जमीन होती. म्हणून योजना निघाली: जमीन गहाण टाका आणि बदल्यात कंपनीचे शेअर घ्या, व्याज लाभांशातून फिटेल! कंपनीने ती गहाणखते पूर्वेकडच्या गुंतवणूकदारांना विकून पैसा उभा केला. राज्यातल्या निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांकडे सुमारे सहा हजार शेतकऱ्यांनी अशा जमिनी गहाण टाकल्या.

१८५२ मध्ये किलबर्नला अध्यक्षपद सोडावे लागले. मग त्याने ला क्रॉसला जाणारी दुसरी रेल्वे हाती घेतली. १८५६ मध्ये केंद्र सरकारकडून आलेली जमीन आपल्याच कंपनीला मिळावी म्हणून आमदारांना कंपनीचे रोखे वाटले गेले. गव्हर्नर बॅशफर्ड यांना ५० हजार डॉलरचे रोखे मिळाले. १८५८ च्या चौकशीत हे सगळे बाहेर आले.

दरम्यान १८५७ ची मंदी आली, कंपन्या बुडाल्या आणि शेअर रद्दी झाले. गहाणखते मात्र तिसऱ्याच्या हातात शाबूत होती. शेतकऱ्यांना वाचवण्यासाठी विधिमंडळाने कायद्यामागून कायदे केले, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले.

आता गंमत पाहा. रेल्वेबद्दल किलबर्न चुकला नव्हता! १८६० च्या दशकात मिलवॉकी जगातल्या मोठ्या गहू-बंदरांपैकी एक झाले. फायदा शहराचा झाला, जोखीम मात्र शेतकऱ्याच्या माथी होती.

हा जुना इतिहास नाही. मिलवॉकीच्या दक्षिणेला माउंट प्लेझंट गावी २०१७ मध्ये फॉक्सकॉनने १३ हजार नोकऱ्यांचे आश्वासन दिले आणि राज्याने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. कारखान्यासाठी लोकांची घरे गेली. २०२१ च्या सुधारित करारात आकडा १,४५४ नोकऱ्यांवर आला.

आपण बहुतेक जण इंजिनिअर किंवा शास्त्रज्ञ. प्रकल्प चालेल का, हे आपण आवर्जून विचारतो. फसला तर कोणाचे घर जाईल, हेही तितक्याच आवर्जून विचारायला हवे.

चर्चेला सुरुवात म्हणून एवढेच.